मोहिमेचा नकाशा कोणाच्या हातात?

दरवर्षी मे महिना आला की एव्हरेस्टच्या बातम्या सुरू होतात आणि आपल्या कार्यकर्त्यांच्या मोबाइलवर मालावत पूर्णा आणि साधनापल्ली आनंदकुमार यांचे छायाचित्र पुन्हा फिरू लागते. २५ मे २०१४ रोजी हे दोघे तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचले. पूर्णा तेव्हा १३ वर्षे ११ महिन्यांची होती, आनंद १६ वर्षांचा. ती आदिवासी शेतमजुराच्या घरातली, तो दलित कुटुंबातला. दोघेही तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. त्या शाळांचे सचिव होते आयपीएस अधिकारी आर. एस. प्रवीणकुमार. भोंगीरच्या कातळावर सराव, मग दार्जिलिंग, मग लडाख आणि शेवटी शिखर. सोबत बाबासाहेबांचे छायाचित्रही वर गेले.

महाराष्ट्रानेही मग तसेच केले. 'मिशन शौर्य' या नावाने आदिवासी विकास विभागाने चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांची मुले निवडली आणि मे २०१८ मध्ये त्यांपैकी मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम असे पाच जण एव्हरेस्टवर पोहोचले. पुढच्या वर्षी या उपक्रमाचा दुसरा टप्पा झाला. सत्कार झाले, बक्षिसे जाहीर झाली, फ्लेक्स लागले.

या मुलांचा आम्हाला अभिमान आहे, आणि तो कोणत्याही 'पण'ने आम्ही कमी करणार नाही. ज्या व्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले, त्या व्यवस्थेच्या डोळ्यांदेखत आपली मुले जगाच्या माथ्यावर उभी राहिली. तरीही चळवळीत काम करणाऱ्या माणसाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. या मोहिमेचा मार्ग कोणी ठरवला? पैशाचा हिशोब कोणाकडे होता? हवा बिघडली तर परत फिरायचे की पुढे जायचे, हा शब्द कोणाचा होता? उत्तर सरळ आहे. अधिकारी, प्रशिक्षक आणि मोहिमा चालवणाऱ्या कंपन्या. मुलांनी पाय दिले, फुप्फुसे दिली, हिंमत दिली. निर्णय मात्र दुसऱ्यांचे होते. एव्हरेस्टसारख्या ठिकाणी ते तसेच असणार, तेरा वर्षांच्या मुलीने तिथे निर्णय घ्यावेत असे कोणीच म्हणणार नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. आपल्या मुलांसाठी शासनाच्या तिजोरीतून मोहिमेचा पैसा निघतो तेव्हा तो अशाच मोहिमेसाठी का निघतो, जिथे मुलांना काहीच ठरवायचे नसते?

आता दुसरीकडे काय चालते ते पाहू. डेहराडूनची दून स्कूल १९३५ मध्ये सुरू झाली. देशातल्या सत्ताधारी आणि धनिक घरांतली मुले तिथे शिकतात. या शाळेत सत्राच्या मध्ये काही दिवस मुलांना डोंगरात पाठवण्याची जुनी प्रथा आहे. वरच्या वर्गातली मुले शिक्षकांशिवाय जातात. कुठे जायचे, किती शिधा न्यायचा, मुक्काम कुठे करायचा, पैसे कसे पुरवायचे हे ती आपसांत ठरवतात. याच शाळेतले शिक्षक गुरदयाल सिंग यांनी १९५१ मध्ये त्रिशूल शिखर सर केले आणि स्वतंत्र भारताच्या गिर्यारोहणाची ती सुरुवात मानली जाते. इंग्लंडमध्ये १९५६ पासून ड्यूक ऑफ एडिनबर्ग पुरस्काराचा कार्यक्रम चालतो. चौदाव्या वर्षापासून मुले त्यात येतात. चार ते सात जणांचा गट आपली मोहीम आपण आखतो, नकाशा वाचतो, आपले अन्न आपण शिजवतो. वरच्या पायरीवर चार दिवस आणि तीन रात्री असे चालायचे असते. मोठे माणूस असते, पण ते लांबून लक्ष ठेवते, ठरलेल्या ठिकाणी भेटते आणि निघून जाते. गटाबरोबर चालत नाही.

यात कोणी विश्वविक्रम करत नाही. कोणाचे छायाचित्र पहिल्या पानावर छापून येत नाही. मग त्या घरांतले आईबाप यासाठी पैसे का मोजतात? कारण त्यांना पक्के ठाऊक आहे की सोळाव्या वर्षी ज्या मुलाने सहा जणांचा शिधा मोजला, चुकलेली वाट कबूल केली, थकलेल्या मित्रासाठी सगळ्यांना थांबवले, ते मूल पुढे सभेच्या टेबलाशी बसून इतरांना कामे वाटून देते. नेतृत्व त्या वर्गात रक्तातून येत नाही, सरावातून येते. आपल्याला मात्र सांगितले जाते की नेतृत्व हा त्यांचा उपजत गुण आहे आणि मेहनत हा आपला. ही जुनीच वर्णव्यवस्था आहे, नव्या शब्दांत सांगितलेली.

मित्रांनो, मुलांनी एकट्याने प्रवास करणे आपल्या इतिहासात नवीन नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत पहिलीच हकिकत सांगितली आहे ती अशाच प्रवासाची. साल १९०१. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपालाच्या नोकरीवर. साताऱ्याहून छोटा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुले असे चौघे नवे कपडे घालून आगगाडीने मसूरला उतरले. न्यायला कोणी आले नव्हते, कारण पत्राचा निरोप वडिलांपर्यंत पोहोचलाच नव्हता. मुले महार आहेत हे कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी, तो पायी चालेल. जवळ भरपूर अन्न होते, पण पाणी कोणी देईना, म्हणून पोरे रात्रभर उपाशी राहिली. याच आठवणींत १९३४ ची दौलताबादची हकिकतही आहे. तीसेक कार्यकर्त्यांसह बाबासाहेब वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत किल्ल्याच्या दाराशी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून तळे बाटवल्याचा गलका झाला. शेवटी किल्ला पाहायला मिळाला तो शस्त्रधारी पहारेकरी बरोबर घेऊन, पाण्याला कुठे हात लागू नये म्हणून.

म्हणून डोंगर, किल्ला, रानवाट यांना आम्ही मौजमजेचा विषय मानत नाही. या देशात कोण कुठे मोकळेपणाने फिरू शकतो, कोणत्या पाणवठ्यावर ओंजळ धरू शकतो, हा नागरिकत्वाचा प्रश्न आहे.

आता माजिवड्याकडे येऊ. माजिवडा म्हणजे द्रुतगती महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जिथे मिळतात तो नाका. एका बाजूला टोलेजंग संकुले, मॉल, मेट्रोचे खांब, दुसऱ्या बाजूला जुने गावठाण आणि दाट वस्त्या. पश्चिमेला मान वळवली की येऊरचे डोंगर दिसतात. त्या डोंगरापलीकडे, त्याच राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. डोंगराखालून बोगदा निघतो आहे, डोंगरावर बंगले उभे राहिले आहेत. वस्तीतल्या मुलांच्या वाट्याला मात्र डोंगर येतो तो पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी, तोही पोलिसांनी हटकेपर्यंत.

आमच्या अभ्यासवर्गातल्या आठ मुलामुलींनी, चार मुली आणि चार मुलगे, सगळे १५ ते १८ वयाचे, या वर्षी एक मोहीम आखली. कल्याणहून एसटीने मुरबाड ओलांडून वैशाखरे, तिथून नाणेघाट चढून वर घाटघरला मुक्काम, पुढचे दोन दिवस पायी जुन्नर, आणि चौथा दिवस लेण्याद्री व शिवनेरीच्या पोटातल्या लेण्यांसाठी. हा मार्ग आम्ही सुचवला नाही. त्यांनीच शोधला, आणि तो का निवडला हेही लिहून काढले. कल्याण हे प्राचीन बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दानकर्त्यांची नावे आहेत. तिथला माल नाणेघाटाने वर जुन्नरला जाई. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, आणि त्यात यज्ञांत दिलेल्या दक्षिणांची यादी आहे. तिथून खाली जुन्नरला गेले की लेख बदलतात. तिथे बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, कासारांची श्रेणी, धान्य विकणाऱ्यांची श्रेणी भिक्खुसंघाला दान देताना दिसते. राजघराण्याची दक्षिणा आणि कष्टकऱ्यांचे दान, दोन्ही एकाच वाटेवर, दोन दिवसांच्या चालीत. हा इतिहास पुस्तकात वाचणे वेगळे आणि पायांनी वाचणे वेगळे. आपल्या पोरांनी हे स्वतः हेरले, याचे आम्हाला कौतुक वाटते.

त्यांनी खर्चही मांडला. एसटी आणि लोकलचे भाडे ३,००० रुपये, यात मुलींना एसटीत अर्धे तिकीट धरलेले. चार दिवसांचा शिधा माणशी रोज २५० रुपयांनी ८,००० रुपये. ज्या घरांत मुक्काम आणि एक वेळचे जेवण होईल त्यांना द्यायचे ४,००० रुपये. प्रथमोपचार पेटी, विजेऱ्या, नकाशे यांसाठी २,५०० रुपये आणि अडीअडचणीसाठी २,५०० रुपये. एकूण २०,००० रुपये. नेपाळ सरकार आता एव्हरेस्टच्या केवळ परवान्यासाठी एका माणसाकडून १५,००० डॉलर घेते, म्हणजे बारा लाखांहून अधिक रुपये. एका परवान्याच्या पैशात या मुलांच्या साठ मोहिमा होतील, आणि चारशेऐंशी मुले डोंगरावर जातील.

या आराखड्यात आणखी एक पान आहे. दून स्कूलच्या किंवा इंग्लंडच्या मुलांच्या वहीत ते कधी असणार नाही. धोक्यांची यादी करताना त्यांनी साप लिहिला, घसरण लिहिली, ऊन लिहिले, मोबाइलला रेंज नसणे लिहिले, आणि त्याखाली लिहिले, 'आडनाव विचारले तर'. त्यावर गटात बराच वाद झाला. एकाचे म्हणणे होते की नुसते नाव सांगावे. एका मुलीने ठाम सांगितले की खोटे बोलून मिळालेले पाणी प्यायचे नाही. शेवटी ठरले ते असे: विचारले तर खरे सांगायचे, मुक्कामाची घरे आधीच फोन करून, आपण कोण हे सांगून ठरवायची, आणि प्रत्येक टप्प्यावर एक पर्यायी घर हाताशी ठेवायचे. १९०१ साली त्या चार पोरांच्या हातात असा आराखडा नव्हता. सव्वाशे वर्षांनी आपल्या मुलांना तो करावा लागतो, ही या देशाला लाज आणणारी गोष्ट आहे. पण तो करण्याची अक्कल आणि हिंमत त्यांच्यात आहे, ही चळवळीची कमाई आहे.

निधीसाठी ही मुले सीएसआरच्या पैशावर काम करणाऱ्या एका संस्थेकडे गेली. संस्थेने नाही म्हटले नाही. उलट मागितल्यापेक्षा जास्त द्यायची तयारी दाखवली, पण अटींवर. नेता संस्थेचा असेल, मार्ग संस्था ठरवेल, मुले 'लाभार्थी' म्हणून येतील, टी-शर्ट संस्थेचे, आणि परत आल्यावर प्रत्येकाने आपले आयुष्य कसे बदलले यावर व्हिडिओ द्यायचा. मुलांनी एक रात्र विचार केला आणि नम्रपणे नकार कळवला. काही पालक नाराज झाले, चालून आलेला पैसा घालवला म्हणाले. आम्ही मुलांच्या बाजूने आहोत. मदत घ्यायला हरकत नाही, पण मदतीच्या बदल्यात निर्णय गहाण टाकायचा असेल तर ती मदत म्हणजे उपकार, आणि उपकाराची भाषा आपण फार ऐकली आहे.

आता आक्षेपांकडे येऊ.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. तो खोटा नाही. डोंगर कोणाची जात पाहत नाही, चूक झाली की जीव जातो. म्हणूनच आम्ही मुलांना मोकाट सोडा असे म्हणत नाही. आधी प्रथमोपचार आणि नकाशावाचनाचे प्रशिक्षण व्हावे. मग दोन सरावाच्या चाली व्हाव्यात, एक वनखात्याची परवानगी घेऊन येऊरला, एक शहापूरच्या माहुलीला. पालकांची लेखी संमती आणि विमा असावा. पावसाळा टाळावा. जाणकार मोठी माणसे घाटघर आणि जुन्नरला हजर असावीत, ठरलेल्या वेळी भेटावीत, गट आला नाही तर शोधायला निघावीत. सुरक्षितता म्हणजे तयारी. एक मोठा माणूस पुढे चालला की सगळे सुरक्षित, ही समजूत घातक आहे, कारण मग मागचे सात जण विचार करायचेच सोडून देतात.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा: शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, वसतिगृहांत जेवण धड नाही, आणि तुम्ही गिर्यारोहण घेऊन बसलात? शिष्यवृत्तीची लढाई आम्ही सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण भाकरी आधी आणि माणूसपण नंतर असा क्रम बाबासाहेबांनी कधी लावला नाही. महाडला १९२७ साली ते पाण्यासाठी गेले, आणि पाण्याइतकेच समतेसाठी गेले. शिवाय आमच्याच खिशाचा हिशोब काढू. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेवर जो पैसा उडतो, त्यात या मुलांच्या किती मोहिमा होतील? वर्गणी गोळा करायला, मंडप घालायला, झेंडे लावायला हीच मुले असतात. पण वर्गणीचे काय करायचे हे ठरवणाऱ्या बैठकीत त्यांना खुर्ची नसते. जी चळवळ आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला वीस हजारांचा हिशोब सोपवत नाही, ती उद्या तिच्या हातात काय सोपवणार?

तिसरा आक्षेप असा की किल्ले, घाट, ट्रेकिंग हा उच्चवर्णीयांचा छंद आहे, आपला नव्हे. गडांच्या घेऱ्यात पहारा करणारे महार, मांग, रामोशी, बेरड कोण होते मग? या सह्याद्रीत कार्ले, भाजे, कोंडाणे, कान्हेरी, जुन्नर कोणाच्या दानातून कोरले गेले? भगवान बुद्ध आयुष्यभर पायी फिरले, संघाची चारिका हीच धम्माच्या प्रसाराची रीत होती. १९७९ चा नामांतराचा लाँग मार्च पायीच निघाला होता. चालणे आपलेच आहे. आपल्या हातून गेली ती वाट ठरवण्याची सत्ता. येऊरच्या पाड्यांवरचे वारली तरुणही याच प्रश्नात आपल्या सोबत आहेत. ज्यांना रानाची प्रत्येक वाट ठाऊक आहे, त्यांना शहरी सहलींत वाटाड्या आणि हमाल एवढीच जागा मिळते. आपल्या मुलांच्या मोहिमेत त्यांनी यावे ते बरोबरीचे सदस्य म्हणून, निर्णयात वाटा घेऊन. नाहीतर आपणही तेच करू, जे आपल्याशी केले गेले.

म्हणून आमच्या मागण्या नेमक्या आहेत. सामाजिक न्याय विभागाच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या प्रत्येक निवासी शाळेला आणि वसतिगृहाला दरवर्षी किमान एक लाख रुपये मोहीम निधी द्यावा, आणि तो विद्यार्थ्यांनी आखलेल्या आराखड्यांनाच मिळावा. आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळांसाठी हेच करावे. आराखडा तपासणाऱ्या समितीत निम्मे सदस्य मागच्या वर्षी मोहीम केलेले विद्यार्थी असावेत. गटात मुली निम्म्या असाव्यात आणि गटप्रमुख गटानेच निवडावा. हिशोब मुलांनी लिहावा आणि शाळेच्या फळ्यावर लावावा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपल्या शाळांतील नववी-दहावीच्या मुलांसाठी याची सुरुवात करावी, कारण सह्याद्री त्यांच्या दारात आहे. आणि जयंती मंडळांनी शासनाची वाट न पाहता पुढच्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून एका मोहिमेचा खर्च बाजूला काढावा. एव्हरेस्टला विरोध नाही. ज्याला जायचे त्याने जरूर जावे, पण या वाटेने, निर्णय घेत घेत जावे.

तरुणांनो, तुमच्यासाठी एकच सांगणे. कोणी तुम्हाला नेईल याची वाट पाहू नका. पाच-सात जण जमा, एक वही घ्या, मार्ग लिहा, खर्च लिहा, धोके लिहा, आणि परत फिरायची वेळ कोणती हेही लिहा. मग तो आराखडा घेऊन आमच्याकडे या, मंडळाकडे जा, नगरसेवकाकडे जा. कोणी पैसे देऊ केले तर पहिला प्रश्न विचारा: निर्णय कोणाचा? उत्तर पटले नाही तर माजिवड्याच्या पोरांसारखे नाही म्हणा. त्यांचे वीस हजार आता वस्तीतूनच, दहा-दहा आणि पन्नास-पन्नास रुपयांनी जमत आहेत. डिसेंबरात ते आठ जण वैशाखऱ्याच्या थांब्यावर उतरतील, आणि नकाशा त्यांच्याच हातात असेल.

जय भीम!